दोन जवांचे अंतर

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे ज्यांनी मला लहानपणी शिकवले, त्या माझ्या चुलत्यांचे पाय सहा नंबरचे होते. ही साधी गोष्ट ध्यानात यायला मला जवळजवळ चाळीस वर्षे लागली. ज्याचे पाय अंथरुणात मावतात त्याला ही म्हण फार शहाणपणाची वाटते. ज्याचे मावत नाहीत तो बिचारा रात्रभर गुडघे पोटाशी घेऊन निजतो, आणि सकाळी लोक त्याला समजूतदार म्हणतात. पण ते अंथरूण कापले कोणी, कोणाच्या मापाने कापले, आणि कापण्यापूर्वी या लांब पायांच्या माणसाला कोणी विचारले होते काय, हे प्रश्न त्या म्हणीत नाहीत. म्हणी बहुधा आखूड पायांच्या माणसांनीच रचल्या असाव्यात.

हे मला काही एकान्तात चिंतन करताना सुचलेले नाही. एका मुलीच्या पायाचे नख काळे पडलेले पाहिले, आणि त्यानंतर सुचले.

मी पुण्याच्या शनिवार पेठेत राहतो आणि जवळच्याच एका शाळेत चित्रकला शिकवतो. शिक्षण बेताचे. दहावी झालो (आमचे आजोबा अखेरपर्यंत तिला मॅट्रिकच म्हणत) आणि पुढे चित्रकला शिक्षकाची पदविका घेतली. रिकाम्या वेळी चार कादंबऱ्या लिहिल्या. कादंबऱ्या लिहिणाऱ्याला माणसाचे मन कळते अशी लोकांची समजूत असते, आणि खरे सांगायचे तर लेखकाचीही असते. ही समजूत किती पोकळ आहे, हे पुढील हकिकतीवरून वाचकांच्या लक्षात येईल.

जून महिन्यात नववीच्या वर्गात मी मानवाकृतीची प्रमाणे शिकवत होतो. फळ्यावर उभा माणूस काढला. डोके, धड, हात जमले. पण बोलण्याच्या भरात पाय जरा लांब उतरले. मागच्या बाकावरून एक मुलगा ओरडला, "सर, पाय मोठे झाले!" माझी चूक झाली होती, ती पुसून टाकायची, एवढेच काम होते. पण चूक कबूल करण्यापेक्षा विनोद करणे शिक्षकाला नेहमीच सोपे जाते. तिसऱ्या बाकावर वर्गातली सर्वांत उंच मुलगी बसली होती. तिच्याकडे पाहून मी म्हणालो, "मी काय करणार? मॉडेलच समोर बसलं आहे!" सारा वर्ग हसला. तीही हसली. ती हसली म्हणून मी निश्चिंत झालो.

ही मुलगी धावते. आठशे मीटर हे तिचे अंतर. तिची आई सदाशिव पेठेतल्या एका खानावळीत पोळ्या लाटायला जाते. मुलगी सकाळी नदीकाठच्या रस्त्याने धावते, आणि पाहणाऱ्याला वाटावे की या मुलीला रस्ता लागतच नाही. तोवर ती जुन्या कॅनव्हासच्या बुटांत धावत असे, आणि ते फाटले की अनवाणी. पण शाळेचा नियम असा की, स्पर्धेला उतरायचे तर पायांत धावण्याचे बूट हवेत. नियम चुकीचा नव्हे. हल्लीच्या कृत्रिम धावपट्टीवर उन्हात अनवाणी उभे राहून पाहावे, म्हणजे नियमाचे कारण कळते.

जुलैमध्ये मी मुलासाठी बूट घ्यायला लक्ष्मी रस्त्यावरच्या एका दुकानात गेलो असताना ही मुलगी आणि तिची आई तिथेच आल्या. दुकानात गर्दी होती. मुलीने नंबर सांगितला तो विक्रेत्या पोराला ऐकू गेला नाही की ऐकून पटला नाही, देव जाणे. त्याने माळ्यावरच्या साथीदाराला मोठ्याने विचारले, "लेडीजमधे दहा आहे का रे, दहा?" वरून आवाज आला, "कुणाला? पैलवानाला का?" बाकांवर बसलेली माणसे वळून पाहू लागली. मीही पाहिले. खोटे कशाला सांगू, माझ्या ओठांवर हसू आले. तेवढ्यात ती मुलगी म्हणाली, "आठ चालेल." आठ नंबरचा बूट आला. तिने तो घातला, दोन पावले टाकली आणि आईला म्हणाली, "बसला." मी मुलाच्या बुटाची नाडी बांधत राहिलो.

पंधरा दिवसांनी शाळेच्या मैदानावर चाचणी झाली. पहिल्या फेरीत पुढे असलेली ही मुलगी दुसऱ्या फेरीत मागे मागे पडत गेली आणि शेवटून दुसरी आली. आमच्या क्रीडाशिक्षकांना आश्चर्य वाटले. दोन दिवसांनी ती जिन्यावरून कठडा धरून उतरताना मला दिसली. मी थांबवले. पुष्कळ आग्रह केल्यावर तिने चप्पल काढली. दोन्ही आंगठ्यांची नखे काळीनिळी झाली होती, करंगळीच्या बाजूला कातडी सोलली होती.

"बूट लहान होतात का गं?"

"आठ नंबरचे आहेत, सर."

"आणि तुझा नंबर?"

"मामेभावाचे दहाचे बसतात."

"मग दुकानात बोलली का नाहीस?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सगळे बघत होते. तुम्हीपण होतात ना, सर."

आवाजात तक्रार नव्हती. म्हणूनच ते वाक्य माझ्या मनातून जाईना.

त्या रात्री मी एक गणित केले. बुटांचे जे इंग्रजी नंबर आपल्याकडे चालतात, त्यांचे मूळ जवाच्या दाण्यात आहे. जुन्या इंग्लंडात तीन जव लांबीला लांबी लावून ठेवले की एक इंच धरत. त्यातला एक जव, म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, हा बुटाचा एक नंबर. आपल्याकडेही आठ जव आडवे ठेवले की एक अंगुळ होई. तेव्हा या दाण्याशी आपलीही जुनी ओळख आहे. आठ आणि दहा यांत अंतर दोन जवांचे. दोन तृतीयांश इंच, सुमारे सतरा मिलिमीटर. एवढेसे अंतर तोंडाने उच्चारण्यापेक्षा त्या मुलीने ते आंगठ्यांवर सोसणे पत्करले. पायाचे दुःख तिने निवडले, कारण हसण्याचे दुःख त्याहून मोठे होते. आणि त्या हसण्याचा पहिला हप्ता जून महिन्यात माझ्या वर्गात भरला गेला होता.

दुसऱ्या दिवशी मी तिची समजूत घालायला गेलो, आणि शिक्षकांची जी सवय, त्याप्रमाणे एक थोर उदाहरण घेऊन गेलो. 1960 साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये इथिओपियाचा अबेबे बिकिला मॅरेथॉन अनवाणी धावला आणि सुवर्णपदक घेऊन गेला. त्याला देऊ केलेले बूट त्याच्या पायांना नीट बसेनात, म्हणून त्याने ते ठेवून दिले. मी ही कथा रंगवून सांगितली. तिने ऐकून घेतली आणि विचारले, "सर, पुढच्या वेळेला पण तो अनवाणीच धावला का?"

मला उत्तर ठाऊक होते. 1964 साली टोकियोत बिकिला पुन्हा जिंकला. आणि तेव्हा त्याच्या पायांत बूट होते.

अनवाणी पराक्रमाच्या कथा आपल्याला फार आवडतात. 1948 साली लंडनला आपला फुटबॉल संघ गेला, त्यातले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले. फ्रान्सशी ते दोनास एक असे हरले, तरी त्याचे कौतुक अजून होते. त्यानंतर चार वर्षांनी, 1952 साली, हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने आपल्यावर दहा गोल चढवले. ती कथा आपण सहसा सांगत नाही. त्यानंतर आपल्या फुटबॉल संघटनेने बूट सक्तीचे केले. ज्याला बूट मिळाले नाहीत त्याच्या सोसण्याला आपण त्याचे तेज म्हणतो. यात त्याचा गौरव किती आणि आपली सुटका किती, हे एकदा प्रामाणिकपणे तपासले पाहिजे.

याहून बोलकी दोन उदाहरणे आहेत. बंगालमधील जलपायगुडीची स्वप्ना बर्मन हिच्या दोन्ही पायांना सहा-सहा बोटे आहेत. वडील सायकलरिक्षा ओढणारे. पाच बोटांसाठी केलेल्या बुटांत सहा बोटे कोंबून ती वर्षानुवर्षे धावली, उड्या मारल्या, भाला फेकला. 2018 साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत हेप्टॅथलॉनचे, म्हणजे सात क्रीडाप्रकारांच्या स्पर्धेचे, सुवर्णपदक तिने मिळवले. असे पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. जिंकल्यावर तिने जाहीरपणे सांगितले की, मला माझ्या पायांचे बूट हवेत. मग ते आले. आदिदास या जर्मन कंपनीने तिच्या पायांची मापे घेऊन ते करून दिले. चांगलेच झाले. परंतु क्रम पाहा. आधी पदक, मग बूट. ज्या वेळी बुटांची खरी गरज होती त्या वेळी तिच्याजवळ पदक नव्हते, आणि पदक नसलेल्या पायाचे माप कोणी घेत नाही.

दुसरे उदाहरण अमेरिकेतले. रॉबर्ट वाडलो हा नोंदलेल्या इतिहासातला सर्वांत उंच माणूस. आठ फूट अकरा इंचांहून किंचित अधिक. त्याच्या पावलाची लांबी साडेअठरा इंच, आणि अमेरिकन पद्धतीने बुटाचा नंबर सदतीस. असे बूट विकत घेण्याची ऐपत सामान्य घराला कुठून असणार? एका पादत्राण कंपनीने ते त्याला फुकट दिले, आणि त्याने गावोगाव फिरून त्या कंपनीची जाहिरात केली. म्हणजे बुटांसाठी त्याने स्वतःला दाखवण्याचे काम पत्करले. 1940 साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, पायाला आधार म्हणून बसवलेली पट्टी नीट न बसल्यामुळे घोट्याशी फोड आला, तो चिघळला, आणि त्यातच तो गेला. एवढा थोरला देह, आणि मृत्यू आला तो एका न बसणाऱ्या वस्तूच्या घासण्याने.

एकीला बूट मिळाले ते जिंकल्यावर, दुसऱ्याला मिळाले ते प्रदर्शन मांडल्यावर. जो जिंकत नाही आणि ज्याला स्वतःचे प्रदर्शन मांडायचे नाही, त्या साध्या मोठ्या पायाच्या माणसाने काय करायचे? माझी विद्यार्थिनी जगातली सर्वांत उंच नाही, आशियातली सर्वांत वेगवानही नाही. तिला फक्त आठशे मीटर धावायचे आहेत.

इथे दुकानदाराच्या बाजूनेही बोलले पाहिजे. धावण्याच्या बुटाचा तळ फेसासारख्या हलक्या द्रव्याचा असतो आणि तो साच्यात घडवतात. प्रत्येक नंबराला वेगळा धातूचा साचा लागतो आणि साचा महाग असतो. ज्या नंबराची गिऱ्हाइके हजारांनी येतात त्याचा साचा परवडतो; ज्याचे गिऱ्हाईक वर्षाकाठी एखादे, त्याचा परवडत नाही. म्हणून बायकांचे बूट आपल्याकडे बहुधा सात-आठ नंबराशी थांबतात. पुढच्या नंबराच्या बाईने पुरुषांचा बूट घ्यावा, तर तो टाचेला सैल होतो, कारण स्त्रीची टाच चवड्याच्या मानाने अरुंद असते. हल्ली मोबाईलवरून मोठ्या मापाचे बूट घरी मागवता येतात हे खरे. पण बूट पाहून नव्हे, घालून घ्यायची वस्तू आहे. आणि ज्या घरात महिन्याचा हिशेब पोळ्यांवर चालतो तिथे न बसणारा बूट परत जाऊन पैसे हाती येईपर्यंतचे आठ दिवससुद्धा मोठे असतात.

आणखी एक गंमत अशी की, ज्या मापांत न मावल्याची आपण लाज धरतो, ती मापे मुळात आपली नाहीतच. ती साहेबाच्या पायावरून ठरलेली. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात देशातल्या 79 ठिकाणी 1,01,880 माणसांच्या पायांची मापे यंत्राने घेतली. त्यात असे दिसले की, भारतीयांचे पाय युरोपीय आणि अमेरिकन पायांपेक्षा सरासरीने रुंद आहेत. म्हणजे आपल्यापैकी लाखो माणसे रुंदीसाठी लांबीचा बूट घेत आली, नाड्या आवळत आली, चवड्याला घट्टे पाडून घेत आली. आणि प्रत्येकाला वाटत राहिले की दोष माझ्या एकट्याच्या पायांत आहे. या पाहणीवरून भारतीय पायांसाठी 'भा' नावाची नवी मापपद्धती सुचवण्यात आली. वर्षानुवर्षे आपण बूट लहान म्हणायचे सोडून पाय मोठे म्हणत होतो, एवढे मात्र त्या पाहणीने उघड केले.

मग प्रश्न असा उरतो: वेगळ्या पायाच्या माणसाला बूट देणे हे कोणाचे कर्तव्य आहे काय? की ज्याचे त्याने पाहावे?

आमचे गणिताचे शिक्षक माझे स्नेही आहेत. त्यांच्यापाशी मी हा विषय काढला तेव्हा ते म्हणाले, "अहो, आज दहा नंबरचा बूट द्याल, उद्या कुणी उंच बाक मागेल, परवा कुणी डावऱ्या हाताची कात्री मागेल. सर्वांना एक नियम, हाच न्याय. प्रत्येकाला वेगळं माप लावलं तर माप राहीलच कुठं?"

आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मी त्यावर पुष्कळ दिवस विचार केला. सर्वांना एक नियम हा न्यायाचा पाया खराच. पण नियम एक असणे आणि वस्तू एक असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. "प्रत्येक धावणाऱ्याच्या पायांत त्याला बसणारा बूट असावा" हा एकच नियम आहे. मात्र तो पाळण्यासाठी निरनिराळे बूट लागतात. "प्रत्येकाला आठ नंबर मिळेल" हाही एकच नियम आहे, आणि तो पाळला तर न्याय फक्त आठ नंबरवाल्यांना मिळतो. ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथात लेस्बॉस बेटावरच्या गवंड्यांच्या पट्टीचा दाखला दिला आहे. ती पट्टी शिशाची असे. लोखंडी पट्टी दगडावर ठेवली की दगडाचे उंचवटे चुकीचे ठरतात. शिशाची पट्टी दगडाच्या अंगाने वाकते आणि त्याचे खरे माप सांगते. जिथे सर्वसाधारण नियम एखाद्या माणसाच्या बाबतीत तोकडा पडतो, तिथे निवाडा या पट्टीसारखा असावा, असे त्याचे म्हणणे. पट्टी वाकली म्हणून माप नाहीसे होत नाही. उलट खरे माप तेव्हाच कळते.

आता कर्तव्य कोणाचे? बाजाराने प्रत्येक पायासाठी साचा ओतावा असे मी म्हणणार नाही. ते शक्य नाही, आणि अशक्य गोष्टीला कर्तव्य म्हणू नये. पण जो सक्ती करतो त्याची गोष्ट वेगळी. शाळेने म्हटले, बूट नसतील तर धावू देणार नाही. हे म्हणताक्षणीच बूट ही त्या मुलीची खाजगी बाब राहिली नाही. तुम्ही दाराला उंबरठा घातलात. आता तो ज्याला ओलांडता येत नाही त्याला हात देणे हे दान नव्हे, ते उंबरठा घालणाराचे देणे आहे. सक्ती सर्वांवर आणि सोय काहींची, अशी जिथे परिस्थिती असते तिथे नियम नकळत माणसे निवडू लागतो. आणि वगळलेल्या माणसाला वाटते की आपणच कमी पडलो.

दुसरे कर्तव्य तर याहून स्वस्त आहे. बूट नसणे ही बाजाराची उणीव. पण लाज बाजाराने तयार केली नव्हती. ती माळ्यावरच्या पोराने, बाकांवरच्या गिऱ्हाइकांनी आणि चित्रकलेच्या मास्तराने मिळून तयार केली होती. तिला साचा लागत नाही, भांडवल लागत नाही. ती बंद करायलाही काही लागत नाही. माप कमी पडले तर शरमावे ते मापाने. पायाने का शरमावे?

इतका विचार झाल्यावर काहीतरी करणे भाग होते. आमच्या पेठेतून नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एका जुन्या वाड्याच्या ओट्याखाली एक वृद्ध कारागीर बसतात. चपला शिवतात, बूट दुरुस्त करतात. दरसाल आषाढी वारीच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात तेव्हा ते दोन दिवस वारकऱ्यांच्या वहाणा फुकट शिवून देतात. पालखीत संतांच्या पादुका असतात आणि लोक त्यांवर डोके ठेवतात. हे गृहस्थ मात्र त्या दिवशी पालखीमागून चालणारे पाय पाहतात. "पायातली वहाण पायातच बरी" असे आपण म्हणतो, आणि वहाणेचा तो कमीपणा आपण ती शिवणाऱ्यालाही शतकानुशतके चिकटवला. पण विचार केला तर, दुसऱ्याचा पाय हातात घेऊन तो जसा आहे तसा समजून घेणारा माणूस तोच एक.

मुलीला आणि तिच्या आईला घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी वेळच सांगितली, "मास्तर, संध्याकाळी या. दिवसभर चालून पाय फुगतो. सकाळचं माप रात्री चावतं." संध्याकाळी गेलो. मुलीला कागदावर उभे केले, पेन्सिल सरळ धरून दोन्ही पावलांची रेघ काढली, कागदाची पट्टी चवड्याभोवती गुंडाळून जिथे जुळली तिथे फाडली. नंबर विचारला नाही. मोजून झाल्यावर म्हणाले, "उजवा पाय डाव्यापेक्षा किंचित लांब. बहुतेकांचा एक असतोच. लांबी साडेसत्तावीस सेंटिमीटर, म्हणजे नऊ. पण चवडा रुंद आहे, तेव्हा दहा घ्या. पळायचा बूट मी करणार नाही, ताई. त्याचा तळ कारखान्यातच होतो. मी केला तर जड होईल, पोरगी दमेल. मुलांच्यातला दहा आणा, टाच मी बसवून देतो."

मला त्यांच्या या नकाराचेही मोल वाटले. आपले हात कुठवर पोचतात हे त्यांना ठाऊक होते.

या प्रसंगी मला एक जुनी चिनी कथा आठवली. एका माणसाने घरी दोरीने पावलाचे माप घेतले आणि जोडे घ्यायला बाजारात गेला. दुकानात पोचल्यावर आठवले, दोरी घरीच राहिली. तो धावत घरी गेला, दोरी घेऊन आला, तोवर बाजार उठला होता. कोणी विचारले, "अरे, पाय तर बरोबर होते ना?" तो म्हणाला, "पायांपेक्षा माझा मापावर विश्वास जास्त." दोन हजारांहून अधिक वर्षांमागच्या त्या मूर्ख माणसाला आम्ही सगळे हसतो, आणि लक्ष्मी रस्त्यावर समोर प्रत्यक्ष पाय असताना "लेडीजमधे" काय मिळते ते विचारतो.

बूट घेतले. कारागिरांनी टाचेच्या आत मऊ कातड्याची पट्टी शिवली, आणि सर्वांत वरच्या जादा भोकातून नाडीचा फासा घालून टाच कशी पक्की करायची तेही शिकवले. पुढे आंगठाभर जागा राहिली. मी शाळेकडे अर्ज केला की, बूट सक्तीचे असल्याने हा खर्च क्रीडानिधीतून व्हावा. आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी तो दोनदा वाचला. मग म्हणाल्या, "ही एकच मुलगी कशी असेल? बाकीची बोलली नसतील." दुसऱ्या आठवड्यापासून स्पर्धेच्या सूचनेखाली एक ओळ वाढली: ज्यांना मापाचे बूट मिळत नसतील त्यांनी शाळेस कळवावे. ओळ लावल्यावर दोन मुलगे आणि एक मुलगी कळवायला आली.

माझे स्वतःचे देणे मात्र अजून बाकी होते. विनोद वर्गात केला होता. तेव्हा दुरुस्तीही वर्गातच व्हायला हवी होती, आणि तीही त्या मुलीला पुन्हा सर्वांसमोर उभे न करता. एका तासाला मी जमिनीवर कागद पसरला, चप्पल काढली आणि आधी माझ्याच पावलाची रेघ काढली. आंगठ्यापाशी हाड वाढलेले, करंगळी वाकडी. मुले मनसोक्त हसली. मग प्रत्येकाला आपल्या पावलाची रेघ काढायला लावली. चित्रकारांचा एक ठोकताळा आहे: माणसाचे पाऊल साधारणपणे त्याच्या कोपरापासून मनगटापर्यंतच्या अंतराएवढे असते. मी सांगितले, आपापला हात आपापल्या रेघेवर ठेवून पाहा. चाळीस मुलांनी हात ठेवले. त्या मुलीनेही ठेवला. तिचा हात तिच्या पावलावर बरोबर बसला. पाच फूट दहा इंच उंचीच्या मुलीचा पाय जेवढा असायला हवा, तेवढाच तो होता. तो मोठा दिसत होता तो फक्त दुसऱ्यांच्या बुटांशेजारी.

मी वर्गाला म्हणालो, "जूनमध्ये फळ्यावरचं प्रमाण चुकलं होतं. ते माझं चुकलं होतं, आणि मी ते दुसऱ्यावर ढकललं." काही मुलांना कळले, काहींना नाही. ती मान खाली घालून रेघ गडद करत होती. जाताना कागद माझ्या टेबलावर ठेवून गेली. बोलली काही नाही.

पुढच्या स्पर्धेत ती चौथी आली. पदक नाही, वर्तमानपत्रात नाव नाही. मात्र शेवटच्या शंभर मीटरमध्ये ती मागे पडली नाही, आणि संध्याकाळी जिना उतरताना तिने कठडा धरला नव्हता. मला वाटते, हे एवढेच खरे मोजमाप आहे. ती पहिली आली असती तर ही कथा सांगायला अधिक सोपी झाली असती. पण मग वाचकांना वाटले असते की बूट त्या पदकाने फेडले. ते फेडायचे नव्हतेच.

परवा सहामाही परीक्षेच्या अभ्यासात माझ्या धाकट्या मुलाला कल्पनाविस्तारासाठी म्हण आली: अंथरूण पाहून पाय पसरावेत. त्याने विचारले, "बाबा, यात काय लिहू?" काटकसर, संयम, समाधान हे सगळे मी त्याला सांगितले, कारण गुण त्यालाच मिळतात आणि त्यात खोटे असे काही नाही. मग म्हणालो, "शेवटी एक वाक्य तुझ्या मनाने लिही. पण त्याआधी कपाटातून ती सतरंजी काढ, आणि आपल्या घरातला सर्वांत उंच माणूस तिच्यावर झोपवून पाहा."